हालचालींची तपासणी आणि सांध्यांची लवचिकता : येण्याआधी वाचा

खेळाडू आणि पालक, दोघांसाठी

तपासणीला आलेल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती मार्क पडले?" त्याचं उत्तर आम्ही देतो, पण फाइलमध्ये त्याला शेवटची जागा असते. डावी-उजवीत किती फरक आहे, दुखतं का, आणि तुमच्या खेळाला ती हालचाल लागते का, हे तीन मुद्दे आम्ही आधी लिहितो.

घोट्यापासून सुरुवात करू. खो-खोत चौकोनात बसलेल्या खेळाडूला 'खो' मिळताच उठून पळायचं असतं. बसताना त्याचा घोटा पुरेसा वाकत नसेल तर टाच उचलते किंवा पाऊल बाहेर वळतं, आणि उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो. हे भिंतीच्या चाचणीत कळतं, आणि ती घरीही करता येते. बूट काढा. जमिनीवर इंचटेप भिंतीला काटकोनात चिकटवा, शून्य भिंतीकडे. अंगठा आणि टाचेचा मध्य टेपवर ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला की पाऊल एक सेंटिमीटर मागे घ्या आणि पुन्हा टेकवा. टाच न उचलता जमलेलं शेवटचं अंतर लिहा. दुसऱ्या पायाचंही तसंच मोजा, प्रत्येकी तीन वेळा. एक सेंटिमीटर म्हणजे घोट्याचे साधारण साडेतीन अंश. दहाच्या आसपास अंतर असेल तर सहसा चालतं. दोन्ही पायांत दोन सेंटिमीटरचा फरक असेल तर मात्र आम्ही थांबून पाहतो, विशेषतः पूर्वी पाय मुरगळला असेल तर.

या चाचणीत दोन चुका नेहमीच्या. टाच किंचित उचललेली कळत नाही, म्हणून टाचेखाली कागदाची पट्टी ठेवा आणि कोणाला तरी ती ओढायला सांगा. पट्टी निघाली तर ते माप धरू नका. दुसरी चूक म्हणजे गुडघा आत झुकतो, तळव्याची कमान बसते आणि आकडा उगाच फुगतो. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. ताण पोटरीत जाणवला तर पोटरीचं स्ट्रेचिंग उपयोगी पडतं. घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं झालं तर अडथळा सांध्यात असू शकतो, आणि मग महिनाभर पोटरी ताणूनही आकडा हलत नाही.

आता उलटी बाजू. मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्सच्या मुली फार लवचिक असतात म्हणून घरच्यांना कौतुक वाटतं. कौतुक जरूर करा, पण सांधे जात्याच सैल आहेत का हेही पाहायला हवं. त्यासाठी बायटन चाचणी आहे, नऊ गुणांची. करंगळी मागे नव्वद अंशांपलीकडे जाते का, मनगट वाकवून अंगठा कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर आणि गुडघा सरळ रेषेच्या दहा अंशांपलीकडे मागे जातो का: या चारही गोष्टींना प्रत्येक बाजूला एक गुण. गुडघे सरळ ठेवून तळहात जमिनीवर पूर्ण टेकले तर नववा गुण. वयात न आलेल्या मुलांत सहा आणि त्यानंतर पन्नाशीपर्यंत पाच किंवा जास्त गुण असतील तर आम्ही सैल सांधे धरतो. हा आजार नव्हे. मात्र अशा मुलीला आणखी ताणायला लावू नका, तिला ताकद आणि तोल हवा. सांधा वारंवार निखळत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

क्रिकेटवाल्यांचा खांदा हा वेगळाच विषय. चेंडू टाकणारा हात बाहेर जास्त आणि आत कमी फिरतो, कारण लहान वयापासून फेकून हाडालाही थोडा पीळ बसतो. त्यामुळे फक्त आतलं वळण कमी दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. आतलं आणि बाहेरचं मिळून एकूण वळण दुसऱ्या खांद्यापेक्षा कमी झालं असेल तर ते लक्ष देण्याजोगं आहे. मोजताना खांद्याचं पातं धरून ठेवलं नाही तर ते उचलतं आणि आकडा खोटा येतो. कोनमापकाने चार-पाच अंशांची चूक होऊ शकते, म्हणून महिन्यात तीन अंश वाढले तर त्याला प्रगती म्हणू नका.

सात हालचालींची, एकवीस गुणांची 'फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन' ही चाचणी प्रसिद्ध आहे. प्रत्येक हालचालीला गुण असे: बिनचूक केली तर तीन, चुका करत जमली तर दोन, जमली नाही तर एक, दुखलं तर शून्य. 'चौदा किंवा त्याखाली गुण म्हणजे दुखापत होणार' हे तिच्याबद्दल नेहमी ऐकू येतं. तो आकडा अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंवरच्या २००७ मधल्या अभ्यासातला. पुढे इतर खेळांत तो सातत्याने टिकला नाही. आम्ही त्यातला शून्य तेवढा गंभीरपणे घेतो. संघातून वगळतील या भीतीने मुलं दुखणं लपवतात, तेव्हा पालकांनी आधी सांगितलं तर आम्हाला मदत होते.

येताना हाफ पँट आणि सैल बनियन घाला, जुन्या दुखापतीचे कागद असतील तर आणा. गरम झालेलं अंग जास्त वाकतं, म्हणून सरावानंतर लगेच येऊ नका. पुन्हा मोजताना वेळ तीच ठेवू: सकाळचं माप संध्याकाळच्या मापाशी जुळत नाही. नवरात्रात रात्रभर गरबा खेळून सकाळी आलात तर पोटऱ्या आखडलेल्या असणार, आणि तो आकडा काही कामाचा नाही. दोन दिवस जाऊ द्या.