बागेतली नोंद हरवू नये म्हणून

सांगोल्याकडच्या डाळिंब बागेत तेल्या रोगासाठी फवारणी झाली की नोंद तिथल्या तिथे व्हायला हवी. औषध कोणतं, किती, कधी मारलं, यावरच काढणीआधी किती दिवस थांबायचं ते ठरतं. पण शिवारात रेंज येते-जाते.

तरीही नोंदीचं वेब अ‍ॅप, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारं अ‍ॅप, चालू शकतं. ब्राउझरमधला सर्व्हिस वर्कर अ‍ॅपच्या फाइल्स पहिल्या भेटीतच फोनमध्ये साठवतो आणि पुढे नेट नसताना तिथूनच पान उघडून देतो. क्रोममध्ये ही सोय २०१५ पासून आहे, सफारीत २०१८ पासून. नोंदी इंडेक्स्डडीबी या ब्राउझरमधल्याच डेटाबेसमध्ये राहतात. इथवर फारसं अवघड नाही.

कस लागतो नोंदी एकत्र येताना. समजा, शेडमध्ये १० लिटर औषध आहे. वडिलांनी खालच्या तुकड्यात २ लिटर वापरलं. त्यांच्या फोनने लिहिलं, ‘शिल्लक ८’. मुलाने वरच्या तुकड्यात ३ वापरलं. त्याच्या फोनने लिहिलं, ‘शिल्लक ७’. संध्याकाळी दोघंही रेंजमध्ये आले. सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांच्या नोंदी जमा होतात त्या संगणकावर, ज्याचा आकडा शेवटी पोचला तो टिकला, दुसऱ्याचा पुसला गेला. खरी शिल्लक ५ आहे, आणि ती कुठेच नाही!

म्हणून फोनने शिल्लक पाठवूच नये. ‘२ लिटर वापरलं’, ‘३ लिटर वापरलं’ एवढंच पाठवावं. कोणतीही नोंद आधी पोचो, हिशेब तोच येतो. सोलापुरातल्या जुन्या पेढ्यांची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या हिशेबाची वही, अशीच चालायची: आधीचं खोडायचं नाही, खाली नवी ओळ लिहायची.

आणखी एक खाच आहे. सर्व्हरला नोंद मिळते, पण ‘मिळाली’ हा निरोप परत येण्याआधीच रेंज जाते. फोन बिचारा तीच नोंद पुन्हा पाठवतो आणि २ लिटरचे ४ होतात. यासाठी नोंद तयार होतानाच फोनने तिला स्वतंत्र क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक परत आला तर सर्व्हरने तो मोजायचा नाही.

रेंज येताच पान बंद असतानाही नोंदी पाठवणारी बॅकग्राउंड सिंक क्रोममध्ये आहे. सफारी आणि फायरफॉक्समध्ये नाही. तिथे अ‍ॅप उघडल्यावरच नोंदी जातात. शिवाय सफारी वापरात असताना सात दिवस त्या साइटकडे फिरकलं नाही, तर तिने साठवलेला डेटा सफारी पुसून टाकते. होम स्क्रीनवर घेतलेलं अ‍ॅप यातून वाचतं. म्हणून ‘फोनमध्ये आहे’ आणि ‘सर्व्हरवर पोचली’ या दोन खुणा प्रत्येक नोंदीसमोर वेगळ्या दिसल्याच पाहिजेत. नुसतं ‘सेव्ह झालं’ म्हणणं ही शेतकऱ्याची फसवणूक आहे.