संस्थेला ‘दणका’ बसतो, मग पैसे कोण भरतं?

कोर्टात एखादी शिक्षणसंस्था हरली की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला: ‘संस्थेला दणका’. रक्कम लाखांत असो की कोटींत, शब्द तोच. दणका बसला तो नेमका कुणाला, हे बातमीत येत नाही, कारण ते सांगणंही सोपं नाही. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या संस्थेचं लेटरहेड बघा. वरच्या कोपऱ्यात दोन नोंदणी क्रमांक दिसतील. एक १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालचा, दुसरा ‘एफ’ अक्षराचा, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचा. कॉलेज म्हणून जे आपण ओळखतो ते कायद्याच्या लेखी बहुधा या संस्थेचा एक विभाग असतो. दावा संस्थेवर होतो, समन्स सचिवांच्या नावाने येतं.

या दोन कायद्यांची तोंडं दोन दिशांना आहेत. १८६० च्या कायद्याचं कलम ८ सांगतं, की पदाधिकाऱ्याच्या नावावर हुकूमनामा झाला तरी त्याच्या घरादाराला हात लावायचा नाही, वसुली संस्थेच्या मालमत्तेतून करायची. १९५० चा कायदा मात्र विश्वस्ताच्या हलगर्जीपणाने झालेलं नुकसान त्याच्याकडून वसूल करायची वाट ठेवतो. चौकशी होते, रक्कम ठरते आणि ती त्या व्यक्तीवर ‘अधिभार’ म्हणून बसवता येते. कलमं आहेत ३९ ते ४१. कागदावर भक्कम आहेत. वार्षिक सभेत मात्र ‘अधिभार’ हा शब्द काढणाऱ्या सभासदाकडे सगळे असे बघतात, जणू त्याने लग्नात वरबापाचं कर्ज विचारलं.

तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या आजीव सदस्यांच्या काळात हा प्रश्न फारसा उठत नव्हता. पुढे अनुदान आलं आणि पगाराचा बोजा सरकारी तिजोरीकडे गेला. खरं वळण १९८३ चं. राज्याने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, पुण्याच्या चारी बाजूंना माळरानावर इमारती उभ्या राहिल्या आणि कर्मचाऱ्याचं प्रत्येक देणं संस्थेच्या स्वतःच्या खिशातून जाऊ लागलं. खिसा भरायला विद्यार्थ्यांची फी. १९८७ चा कॅपिटेशन फी बंदीचा कायदा, २००२ आणि २००५ चे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल, २०१५ चा शुल्क नियमनाचा कायदा, ही सगळी त्या खिशाला लावलेली कुलपं. फी खर्चाच्या हिशेबावरून ठरू लागली. त्यामुळे कोर्टात हरलेली रक्कम कुठल्या खात्यावर टाकायची, हा लेखापालाच्या पोटात गोळा आणणारा प्रश्न झाला.

इथे शब्दांचा घोळ सुरू होतो. मराठी बातमी सगळ्याला ‘दंड’ म्हणते. कोर्टातून निघणारे पैसे तीन जातीचे असतात. पहिली जात देण्याची: थकलेला पगार, नोकरी सुटताना मिळायची ग्रॅच्युइटी. दुसरी भरपाईची: दुसऱ्याचं नुकसान केलं, ते भरून द्या. तिसरी दंडाची: पुन्हा असं करू नये म्हणून. संस्थेच्या जबाबदारीचा विमा, म्हणजे दुसऱ्याने लावलेल्या दाव्यापोटीचा, साधारणपणे मधल्या जातीपुरता असतो, आणि त्यासोबत वकिलाचा खर्च. देणं हे तुमचंच होतं, ते विमा कंपनी का भरेल? आणि दंड विम्यातून भरू दिला तर तो दंड कसला?

पहिल्या जातीचं उदाहरण पुण्यातल्या संस्थांना चांगलंच आठवत असेल. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की ग्रॅच्युइटी कायद्यातल्या ‘कर्मचारी’ या व्याख्येत शिक्षक बसत नाही. कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी, कशातच नाही. संस्था निश्चिंत झाल्या. २००९ मध्ये संसदेने व्याख्या बदलली, तीही ३ एप्रिल १९९७ पासून मागे जाऊन. शाळांच्या संघटना भांडत राहिल्या आणि २९ ऑगस्ट २०२२ ला हरल्या. हिशेब करून बघा: मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ९०,००० रुपये, नोकरी २४ वर्षं. दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार आणि महिना सव्वीस दिवसांचा, या पंधरा भागिले सव्वीसच्या सूत्राने सुमारे साडेबारा लाख होतात. असे चाळीस प्राध्यापक निघाले की पाच कोटी. मधल्या वर्षांत ज्यांनी ग्रुप ग्रॅच्युइटी विम्याचे हप्ते भरले ते तरले. ज्यांनी व्याख्येवर भरवसा ठेवून नवं ऑडिटोरियम बांधलं, त्यांच्याबद्दल मला फारशी सहानुभूती वाटत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या जातीचा गुंता अमेरिकेत ओहायोतल्या एका कॉलेजच्या प्रकरणात दिसतो. गावातल्या बेकरीत २०१६ मध्ये एका विद्यार्थ्याला चोरीवरून पकडलं, दुकानदार वंशभेदी असल्याचा आरोप करत विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली, आणि बदनामीत कॉलेजचाही हात होता म्हणून बेकरीवाल्यांनी दावा लावला. ज्युरीने २०१९ मध्ये भरपाई सुमारे १.१ कोटी डॉलर आणि दंडात्मक ३.३ कोटी ठरवली. राज्याच्या कायद्याने मर्यादा घातल्यावर दोन्ही मिळून अडीच कोटींवर आली. वकिलांची फी आणि व्याज धरून २०२२ मध्ये सुमारे ३.६६ कोटी डॉलर भरावे लागले. विमा कंपन्यांनी हात वर केले, तेव्हा कॉलेजने त्यांच्यावरच दावा ठोकला.

आपल्याकडे दंडात्मक भरपाई क्वचितच, आणि तीही वरच्या कोर्टात आकसते. दिल्लीच्या एका चित्रपटगृहातल्या आगीच्या खटल्यात अडीच कोटींची पंचवीस लाख झाली. म्हणून इथला विम्याचा खरा वाद रकमेच्या जातीआधी तारखेवरच अडतो. पदाधिकाऱ्यांच्या जबाबदारीची पॉलिसी बहुधा ‘क्लेम्स-मेड’ असते: घटना कधी घडली यापेक्षा दावा कधी आला आणि कंपनीला कधी कळवला, हे महत्त्वाचं. वकिलाची नोटीस पोस्टाने येते, आवक नोंदवहीत नंबर पडतो, ‘मा. सचिव यांचेकडे सादर’ असा शेरा होतो आणि ती लोखंडी कपाटात जाते. मधे पॉलिसीचं वर्ष उलटतं. कोर्टाचा बेलिफ जप्तीचं वॉरंट घेऊन दारात उभा राहिला की कपाट उघडतं. तोवर कुणी समोरच्याशी परस्पर तडजोडीची बोलणीही केलेली असतात, आणि कंपनीच्या संमतीविना तडजोड करायची नाही ही अट पॉलिसीत छापलेलीच असते.

ऑफिसात आणखी एक गैरसमज पक्का आहे. फीच्या पावतीवर ‘विद्यार्थी विमा’ असा रकाना असतो, म्हणून ‘आपला विमा आहे की’ असं सांगितलं जातं. तो अपघात विमा. पैसे विद्यार्थ्याला किंवा त्याच्या घरच्यांना मिळतात. सहलीत दुर्घटना झाली आणि पालक हलगर्जीपणाचा दावा घेऊन शिवाजीनगरच्या कोर्टात गेले, तर संस्थेला त्या रकान्याचा उपयोग नाही.

जबाबदारीची पॉलिसी घ्यायची झाली की प्रस्तावाचा फॉर्म येतो. त्यात विचारलेलं असतं: याआधी आलेले दावे, नोटिसा, आणि दावा होऊ शकेल अशी माहीत असलेली कोणतीही बाब. इथे खोटं किंवा अर्धवट लिहिलं तर पुढे कंपनीला नकार द्यायला आयतं निमित्त मिळतं. फॉर्म सचिवांच्या टेबलावरून लेखापालाकडे, तिथून कनिष्ठ लिपिकाकडे येतो. आवक नोंदवही तीन टेबलं पलीकडे असते. लिपिक त्या रकान्यात, सरकारी तक्त्यांतून हाताला बसलेल्या सवयीने, लिहून मोकळा होतो: ‘निरंक’.