रेसिफेचा स्पोर्ट आणि १९८७ चं विजेतेपद: पार्श्वभूमी

ब्राझीलच्या पर्नांबुको राज्याच्या राजधानीतला, रेसिफेतला, स्पोर्ट हा फुटबॉल क्लब १३ मे १९०५ चा. इंग्लंडात शिकून परतलेल्या एका तरुणाने मंडळी जमवली आणि क्लब काढला. ब्राझीलमधल्या अनेक जुन्या क्लबांची जन्मकथा थोड्याफार फरकाने अशीच, त्यामुळे तिथे रेंगाळायला नको. लाल-काळे पट्टे, सिंहाचं चिन्ह आणि १९३७ मध्ये उघडलेलं ‘इल्या दो रेतिरो’ हे स्वतःचं मैदान, एवढं पुरे. १९५० च्या विश्वचषकात चिलीने अमेरिकेला ५-२ असं हरवलं ते याच मैदानावर. त्या स्पर्धेतला ईशान्य ब्राझीलच्या वाट्याला आलेला तो एकुलता एक सामना.

घोडं पेंड खातं ते १९८७ मध्ये: त्या वर्षीचा देशाचा विजेता स्पोर्ट की रिओचा फ्लामेंगो, हा तो वाद. राष्ट्रीय स्पर्धा भरवायला पैसा नाही, असं देशाच्या फुटबॉल महासंघाने सांगून टाकलं. तेव्हा तेरा बड्या क्लबांनी एकत्र येऊन आणखी तिघांना आमंत्रण दिलं आणि प्रायोजक व टीव्हीच्या पैशावर आपली सोळा संघांची स्पर्धा उभी केली. निकष कामगिरीचा नव्हता. आदल्या हंगामाचा उपविजेता ग्वारानी बाहेर राहिला आणि उपांत्य फेरी गाठलेला रिओचा ‘अमेरिका’ हा क्लबही. रेसिफेला जास्त झोंबलं ते वेगळंच: शहरातल्या सांता क्रूझला आमंत्रण गेलं, स्पोर्टला नाही.

महासंघ मग जागा झाला. बड्यांची स्पर्धा ‘हिरवा गट’, उरलेल्या सोळांची ‘पिवळा गट’, आणि दोन्हींतल्या पहिल्या दोन संघांनी आपसात खेळून देशाचा विजेता ठरवायचा, असा तोडगा निघाला. ही अट कुणी, कधी आणि कुणाच्या वतीने मान्य केली, यावरच पुढची तीस वर्षं वाद झाला. बड्यांचं म्हणणं, अट आमच्यावर लादली गेली. पण महासंघाच्या नियमावलीत ती होती आणि कोर्टाने तीच धरली.

हिरव्या गटात फ्लामेंगोने रिओतल्या माराकान्या मैदानावर इंतेरनासिओनालला १-० असं हरवून जल्लोष केला. पिवळ्या गटाच्या अंतिम लढतीत स्पोर्ट आणि ग्वारानी यांच्यात पेनल्टी ११-११ पर्यंत गेल्या. शेवटी दोघांनी हात टेकले आणि सामना तिथेच थांबवला. चौघांच्या फेरीला फ्लामेंगो आणि इंतेरनासिओनाल आलेच नाहीत. मग पुन्हा स्पोर्ट आणि ग्वारानीच समोरासमोर: ग्वारानीच्या कांपिनासमध्ये १-१, आणि ७ फेब्रुवारी १९८८ ला रेसिफेत स्पोर्ट १-०. दक्षिण अमेरिकेच्या लिबेर्तादोरेस चषकात त्या वर्षी ब्राझीलतर्फे हेच दोन संघ उतरले. फ्लामेंगो खरा विजेता असता, तर ती जागा त्याला मिळायला नको होती का? या मुद्द्याला रिओकडून धड उत्तर आलेलं नाही.

१९९४ मध्ये कोर्टाने स्पोर्टच्या बाजूने कौल दिला. तरी २०११ च्या फेब्रुवारीत महासंघाने अचानक फ्लामेंगोलाही सहविजेता ठरवलं, आणि कोर्टाने कान उपटल्यावर त्याच वर्षी तो निर्णय मागे घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथल्या खंडपीठाने एप्रिल २०१७ मध्ये ३-१ अशा बहुमताने स्पोर्टचंच विजेतेपद कायम ठेवलं. हिरव्या गटात तगडे संघ होते, म्हणून तिथला विजेताच खरा, असं कुणी म्हणेल; पण तगडे कोण हे त्या बड्या क्लबांनीच ठरवलं होतं.

या भांडणात क्लबचं दुसरं मोठं यश झाकलं जातं. २००८ च्या ब्राझील चषकाच्या अंतिम फेरीत साओ पावलोमध्ये कोरिंथियन्सने स्पोर्टला ३-१ असं हरवलं. परतीच्या सामन्यात रेसिफेत स्पोर्टने २-० अशी बाजी मारली. बेरीज ३-३, पण परक्या मैदानावर केलेला तो एक गोल कामी आला. ईशान्येकडच्या संघाने हा चषक तेव्हा पहिल्यांदाच जिंकला, आणि त्यावर कुणाला कोर्टात जाता आलं नाही.

त्यानंतर चढ-उतार चालूच आहेत. २०२५ मध्ये स्पोर्ट तळाला राहून खालच्या विभागात गेला. त्याच हंगामात फ्लामेंगो विजेता झाला. महासंघाच्या हिशेबात ते आठवं विजेतेपद, १९८७ धरून फ्लामेंगोच्या स्वतःच्या हिशेबात नववं.