व्हीएमएफएस

व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय सर्व्हरांसाठी (होस्ट; एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक, चालवणारे) बनवलेली क्लस्टर फाइल प्रणाली, म्हणजे होस्टांच्या गटाला (क्लस्टर) एकाच वेळी वापरता येणारी. स्टोरेज ॲरेतील (अनेक डिस्कांची सामायिक साठवण-पेटी) डिस्कांच्या साठ्यातून ‘लन’ हा भाग कापून तो फायबर चॅनेल किंवा आयस्कझी या साठवणीच्या जाळ्यावरून क्लस्टरमधल्या सगळ्या होस्टना दाखवतात. त्यावर व्हीएमएफएस घातली की डेटास्टोअर तयार होते. व्हर्च्युअल मशीनची डिस्क ही त्यातली एक व्हीएमडीके फाइल. व्हीमोशन या सोयीने मशीन चालू असतानाच दुसऱ्या होस्टवर जाते, पण फाइल जागेवरच राहते. बदलतो तो तिचा ताबा.

ताब्याचा हिशेब हे या प्रणालीचे खरे काम. विंडोजच्या एनटीएफएससारखी प्रणाली एकच यंत्र लिहीत आहे असे धरून चालते. दोन यंत्रांनी एकदम लिहिले तर विदा नासते. व्हीएमएफएस फाइलींची कुलपे डिस्कवरच ठेवते. पूर्वी कुलूप लावताना होस्ट स्कझी रिझर्व्हेशन (डिस्क राखून ठेवण्याची आज्ञा) घेऊन क्षणभर अख्खे लन अडवत असे. मशीन सुरू होताना, स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची स्थिती) घेताना, थिन डिस्क (लागेल तशी जागा घेणारी) वाढताना बाकीचे होस्ट ताटकळत, म्हणून एका लनवर मोजकीच मशीन ठेवत. २०१० मध्ये व्हीस्फिअर (ईएसएक्सआय ज्यात येते तो व्हीएमवेअरचा संच) ४.१ सोबत व्हीएएआय, म्हणजे साठवणीची काही कामे ॲरेवर सोपवण्याची सोय, आली. तिच्यातील ‘एटीएस’ आज्ञेमुळे ॲरे कुलपापुरताच सेक्टर (डिस्कचा छोटा तुकडा) तपासून बदलतो; अख्खे लन अडत नाही. पुढच्या वर्षी व्हीएमएफएस-५ ने एकाच लनवरच्या डेटास्टोअरची मर्यादा ६४ टीबीपर्यंत नेली, पण एवढे मोठे डेटास्टोअर खरोखर वापरण्याजोगे झाले ते एटीएसमुळे.

सर्वांत जास्त काळजी जागेची घ्यावी लागते. थिन डिस्क आकार मोठा दाखवते, पण लागेल तशी जागा घेते. लनही असेच थिन असेल तर नसलेली जागा दोनदा वाटली जाते. ॲरेतील साठा संपला की डेटास्टोअरमध्ये जागा शिल्लक दिसत असतानाही नवे ब्लॉक मागणारी मशीन थांबतात. त्यामुळे इशाऱ्याची पातळी ॲरेवरही लावलीच पाहिजे. फाइल पुसली तरी ती जागा ‘अनमॅप’ आज्ञा गेल्याशिवाय ॲरेकडे परतत नाही. व्हीएमएफएस-६ (व्हीस्फिअर ६.५, २०१६) हे काम मागे आपोआप करत राहते.

होस्टपासून लनपर्यंत अनेक मार्ग असू शकतात. ते आळीपाळीने वापरण्याच्या ‘राउंड रॉबिन’ धोरणात मूळ मांडणीनुसार १,००० आज्ञांनंतर मार्ग बदलतो; अनेक ॲरे-उत्पादक हा आकडा १ ठेवायला सांगतात.

होस्ट बंद पडला की डेटास्टोअरवरची त्याची ‘हार्टबीट’ नोंद (आपण चालू असल्याची नियमित खूण) थांबते, कुलूप बाद ठरते आणि दुसरा होस्ट मशीन पुन्हा सुरू करतो. मात्र झोनिंग (जाळ्यात कोण कोणाशी बोलू शकतो) आणि मास्किंगमध्ये (ॲरे कोणते लन कोणाला दाखवतो) ते लन या दुसऱ्या होस्टला दिले असले तरच.