गाडीत पोलीस स्कॅनर ठेवायचाय? आधी हॅम परवान्याची हद्द समजून घ्या

अमेरिकेत स्कॅनर, म्हणजे पोलिसांचं रेडिओवरचं बोलणं ऐकवणारं यंत्र, घरात टेबलावर असेपर्यंत बहुतेक राज्यांत कुणी काही विचारत नाही. तोच गाडीत ठेवला की राज्यागणिक कायदा बदलतो. न्यू जर्सीत गुन्हा करताना स्कॅनर जवळ असेल तरच तो वेगळा गुन्हा ठरतो. पण एडिसनहून निघालेली तीच गाडी गोथल्स पूल ओलांडून स्टेटन आयलंडवर उतरली, की न्यूयॉर्कचं वाहन कायद्यातलं कलम ३९७ लागू होतं. पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी पकडणारा रिसीव्हर स्थानिक परवानगीशिवाय गाडीत बसवला, तर १,००० डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

"हॅमला, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना असलेल्याला, सूट आहे" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्या भागावर विसंबून कुणी अडचणीत येऊ नये म्हणून हे लिहितोय. कलम ३९७ मधली सूट एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाचा, परवाना असलेल्या हॅमला आहे, पण त्याच्या फिरत्या ट्रान्समीटरला आणि त्याच्या जोडीच्या, केवळ हॅमसाठी राखलेल्या फ्रिक्वेन्सींवरच्या रिसीव्हरला. डॅशबोर्डवरचा वेगळा पोलीस स्कॅनर त्यात बसतो असं मी तरी म्हणणार नाही. न्यूयॉर्कमध्ये स्थानिक परवानगी काढा, नाहीतर स्कॅनर घरीच ठेवा.

इंडियाना, फ्लोरिडा आणि केंटकीच्या कायद्यांत हॅम परवानाधारकांसाठी अपवाद लिहिलेला आहे. इंडियानात स्वतःच्या घरात वापरणाऱ्यालाही सूट आहे. मिनेसोटात गाडीसाठी राज्याच्या गुन्हे तपास विभागाकडून परवाना लागतो. हॅमला तो काढावा लागत नाही.

या सगळ्यांच्या वर एफसीसीचा १९९३ चा निर्णय आहे. हॅमचा रेडिओ पोलीस फ्रिक्वेन्सी ऐकू शकतो, एवढ्याच कारणावरून तो बाळगायला राज्यांनी बंदी घालू नये, असं त्यात ठरलं. मात्र हे संरक्षण बोलण्या-ऐकण्याच्या दोन्ही कामांच्या हॅम संचाला आहे, नुसत्या स्कॅनरला नाही.

आता परवान्याचं. नागरिकत्वाची किंवा वयाची अट नाही. फक्त परदेशी सरकारच्या प्रतिनिधीला तो मिळत नाही. एच-वन किंवा एच-फोर व्हिसावाले, विद्यार्थी, सगळे पात्र आहेत. भारतात काढलेलं हॅमचं प्रमाणपत्र मात्र या सवलतींसाठी पुढे करू नका, कारण कायद्यातले शब्द "एफसीसीने दिलेला परवाना" असेच आहेत.

पहिली पायरी म्हणजे एफसीसीच्या कोअर्स संकेतस्थळावर नोंदणी करून एफआरएन हा नोंदणी क्रमांक घेणं. तिथे सोशल सिक्युरिटी क्रमांक विचारतात. तो नसेल तर कारण निवडायची सोय आहे. टपाल पोचेल असा अमेरिकेतला पत्ता लागतो आणि तो पुढे सार्वजनिक नोंदीत कुणालाही दिसतो. म्हणून घरचा पत्ता द्यायचा नसेल तर पोस्ट बॉक्स घ्या. हे आधी सांगणारं सहसा कुणी भेटत नाही.

परीक्षा स्वयंसेवक परीक्षक घेतात. पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स आणि एफआरएन सोबत न्या. टेक्निशियन या पहिल्या पातळीला ३५ प्रश्न असतात, २६ बरोबर आले की उत्तीर्ण. प्रश्नसंच जाहीर असतो आणि मोर्स कोडची अट २००७ मध्येच गेली. परीक्षेचं शुल्क संस्थेनुसार वेगळं, काही ठिकाणी काहीच नाही. उत्तीर्ण झाल्यावर एफसीसीचा ईमेल येतो. त्यानंतर १० दिवसांत ३५ डॉलर भरा, नाहीतर अर्ज रद्द होतो. कॉलसाइन, म्हणजे तुमचं रेडिओवरचं ओळखचिन्ह, एफसीसीच्या नोंदीत दिसेपर्यंत प्रक्षेपण करायचं नाही. परवाना १० वर्षांचा असतो.

गाडीत परवान्याची छापील प्रत ठेवा आणि ज्या राज्यातून जाणार तिथलं कलमही छापून घ्या. रस्त्यावर थांबवणाऱ्या अधिकाऱ्याला अपवाद पाठ असेलच असं नाही. पोलिसांच्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचा अधिकार मात्र या परवान्याने कुणालाच मिळत नाही, आणि एन्क्रिप्ट केलेलं संभाषण उलगडून ऐकायला संघीय कायद्याचीच मनाई आहे.

एफसीसीला ईमेल कॉलेजचा किंवा कंपनीचा दिला असेल, तर तो बंद पडण्याआधी बदला. त्यावर पाठवलेलं एफसीसीचं पत्र न पोचता परत गेलं, तर परवाना रद्द होऊ शकतो.