०५/०४ म्हणजे एप्रिल की मे?

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीचे मेंटेनन्सचे हिशेब मी बघते. २०२४ च्या एप्रिलची बँकेची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी तोडलेल्या नोंदींची साधी फाइल) मी एक्सेलमध्ये उघडली आणि ५ एप्रिलला पैसे भरलेल्या सभासदांची नोंद ४ मेला जाऊन बसली. १० तारखेच्या आत भरूनही त्यांच्या बिलात व्याज लागलं. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा पासबुक घेऊन आले, तेव्हा कुठे कळलं. फाइलमध्ये ०५/०४/२०२४ असंच होतं. एक्सेलने ते अमेरिकन पद्धतीने, महिना आधी धरून, वाचलं होतं.

१३ एप्रिलपासून पुढच्या नोंदी मात्र हलल्या नव्हत्या. तेरावा महिना नसतो, म्हणून एक्सेलने त्यांना तारीख न मानता नुसता मजकूर म्हणून सोडून दिलं. त्या रकान्यात डावीकडे चिकटलेल्या दिसतात, लगेच लक्षात येतात. खरा घात १ ते १२ तारखांनी होतो, कारण त्या चुकूनही अगदी बरोबर दिसतात.

असं होतं, कारण एक्सेलसारख्या स्प्रेडशीटच्या लेखी तारीख हा एक आकडा आहे. १ जानेवारी १९०० म्हणजे १, तिथून दिवस मोजत ५ एप्रिल २०२४ म्हणजे ४५३८७. या मोजणीत सुरुवातीपासून एक चूक आहे. १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीट प्रोग्रामने १९०० हे लीप वर्ष धरलं. ते नव्हतं, शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. पण तेव्हा बाजार लोटसचा होता आणि त्याच्या फाइली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूकही उचलली. आजही एक्सेलमध्ये ६० हा आकडा २९ फेब्रुवारी १९०० दाखवतो, जो दिवस कधी उगवलाच नाही. मॅकवरच्या एक्सेलने १९०४ पासून मोजायला घेतलं, म्हणून जुन्या मॅक फाइलमधल्या तारखा कॉपी केल्या की १४६२ दिवसांचा फरक पडू शकतो.

१९०० च्या आधीचं तर एक्सेलला मोजताच येत नाही. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ती १६ एप्रिल १८५३ ला. आपल्या गावाची एवढी मोठी तारीख, पण एक्सेलमध्ये ती फक्त अक्षरं म्हणून राहते. लिब्रेऑफिस कॅल्क या दुसऱ्या, मोफत स्प्रेडशीटमध्ये ती नीट बसते.

सीएसव्ही हा निव्वळ मजकूर. कुठला रकाना तारखेचा आणि त्यात दिवस आधी की महिना, हे सांगायची त्यात सोयच नाही. म्हणून एक्सेल संगणकाच्या रीजन सेटिंगवर विसंबतं, आणि ते अमेरिकेचं असेल तर आपला एप्रिल मे होतो. वर्ष-महिना-दिवस हा निःसंदिग्ध क्रम आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने १९८८ मध्येच ठरवून दिला होता. बँकांनी निदान डाउनलोडच्या फाइलीत तरी तो पाळावा, असं मला मनापासून वाटतं.

हा त्रास शास्त्रज्ञांनाही झाला. 'मार्च१', 'सेप्ट२' अशा जनुकांच्या नावांच्या एक्सेलने तारखा केल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली गेली. एक्सेलमध्ये असं रूपांतर बंद करायची सोय आली ती २०२३ मध्ये, तीही अक्षर-अंक जोडलेल्या शब्दांपुरती. आपल्या ०५/०४ ला तिचा उपयोग नाही.

म्हणून सीएसव्हीवर डबल-क्लिक करू नका. 'डेटा' मेनूतून फाइल आत घ्या आणि तारखेचा रकाना आधी 'टेक्स्ट' ठेवा. मग 'टेक्स्ट टू कॉलम्स'च्या तिसऱ्या पायरीवर 'डीएमवाय', म्हणजे दिवस-महिना-वर्ष, निवडा. तारखा आधीच उलटल्या असतील तर त्याच शीटमध्ये दुरुस्ती करत बसू नका, कारण मधल्या काही कुणी हाताने सुधारल्या असतील तर त्या पुन्हा बिघडतील. मूळ फाइल नव्याने आत घ्या.

आजोबांचं आणि बाकीच्यांचं व्याज पुढच्या बिलात वळतं केलं. आता फाइल आत घेतली की मी आधी १३ तारखेनंतरची एखादी नोंद शोधते. ती रकान्यात उजवीकडे लागलेली दिसली, की मगच बिलांना हात लावते.