एकाच दृष्टिक्षेत्रात दोन: जोडनिरीक्षणाची पार्श्वभूमी

३१ डिसेंबर १७७४ रोजी बर्लिनमध्ये खगोलशास्त्रज्ञ योहान बोडे यांना सप्तर्षी तारकासमूहाच्या उत्तर भागात, एकमेकांपासून सुमारे पाऊण अंशावर, दोन अस्पष्ट ठिपके दिसले आणि त्यांनी त्या दोघांची नोंद एकत्रच केली. आज एम ८१ आणि एम ८२ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड समूह) घरच्या दुर्बिणीतून जोडीने पाहिल्या जाणाऱ्या आकाशस्थ वस्तूंमध्ये बहुधा सर्वाधिक लोकप्रिय आहेत. ज्यांच्या यादीवरून ‘एम’ हे क्रमांक आले त्या फ्रेंच निरीक्षक शार्ल मेसिए यांना मात्र जोड्यांमध्ये फारसा रस नव्हता. धूमकेतूच्या शोधात फसवणारे धुरकट ठिपके वेगळे काढणे हा त्यांच्या यादीचा हेतू होता. तरीही १७७३ मध्ये सापडलेल्या एम ५१ या दीर्घिकेशेजारचा सोबती १७८१ मध्ये प्येर मेशँ यांनी पाहिल्यावर, दोन्ही ठिपक्यांची धूसर वलये एकमेकांना टेकतात, अशी नोंद मेसिए यांनी केली. ययाती तारकासमूहातील जोडगुच्छ, म्हणजे एनजीसी या नंतरच्या यादीतील ८६९ आणि ८८४ हे दोन तारकागुच्छ, त्यांच्या यादीत नाहीत. कृत्तिका यादीत असताना प्राचीन काळापासून नुसत्या डोळ्यांनी दिसणारा हा ठिपका का वगळला गेला, हे कोडेच म्हणावे लागेल.

विल्यम हर्शेल यांनी १७८३ पासून सुरू केलेल्या आकाशाच्या पद्धतशीर तपासणीत सुमारे अडीच हजार नव्या वस्तू सापडल्या, परंतु ज्या दुर्बिणीने हे काम झाले तिचे दृष्टिक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, जेमतेम पाव अंशाचे होते. तिच्यातून एम ८१ आणि एम ८२ एका वेळी दिसणे शक्यच नव्हते. आरसा मोठा झाला की नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमेपर्यंतचे अंतर) वाढते आणि दृष्टिक्षेत्र आक्रसते, त्यामुळे दुर्बिणी जसजशा मोठ्या होत गेल्या तसतशा रुंद जोड्या लहान दुर्बिणींच्याच वाट्याला राहिल्या.

दोन ठिपके शेजारी दिसतात म्हणून ते खरोखर शेजारी असतात का, हा प्रश्न सुटायला विसावे शतक उजाडले. स्वीडनच्या एरिक होल्मबेर्ग यांनी १९४१ मध्ये ताऱ्यांच्या जागी विजेचे दिवे मांडून, गुरुत्वाकर्षणाऐवजी, अंतराबरोबर त्याच्याच प्रमाणात घटणारी प्रकाशाची तीव्रता मोजत, जवळून जाणाऱ्या दोन दीर्घिकांचा परिणाम अभ्यासला. हाती संगणक नसताना योजलेल्या या युक्तीला दाद द्यावीच लागते. १९७२ मध्ये अलार आणि युरी तूमरे या बंधूंनी संगणकावर एम ५१ आणि तिच्या सोबत्याची भेट उभी केली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेडिओ नकाशात तर एम ८१ आणि एम ८२ यांच्यामध्ये पसरलेले हायड्रोजनचे प्रवाहच दिसले. सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवरची ही जोडी खरी आहे.

याउलट, घुबड तेजोमेघ एम ९७ आणि दीर्घिका एम १०८ यांच्यात पाऊण अंशाहून किंचित अधिक अंतर दिसते, पण पहिला काही हजार प्रकाशवर्षांवर आणि दुसरी काही कोटी प्रकाशवर्षांवर आहे. लुब्धकाच्या पूर्वेकडील एम ४६ या तारकागुच्छावर एनजीसी २४३८ हा ग्रहीय तेजोमेघ (मरणाऱ्या ताऱ्याने फेकलेले वायूचे कवच) जणू चिकटलेला दिसतो. मात्र दोघांच्या दृष्टिरेषेतील गतींत सेकंदाला सुमारे ३० किलोमीटरचा फरक असल्यामुळे तो त्या गुच्छाचा सदस्य मानला जात नाही. नेत्रिकेला, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाला, फक्त दुहेरी आयनीभूत ऑक्सिजनचा प्रकाश जाऊ देणारा फिल्टर लावला की गुच्छातील तारे मंदावतात आणि लहानसे राखाडी कडे उठून दिसते.

घरच्या निरीक्षकाला मोठा आरसा आणि बऱ्यापैकी रुंद क्षेत्र एकत्र मिळू लागले ते जॉन डॉब्सन यांनी लोकप्रिय केलेल्या साध्या चौकटीच्या दुर्बिणींमुळे आणि १९८० च्या सुमारास आलेल्या, ८२ अंशांचे आभासी क्षेत्र (नेत्रिकेतून डोळ्याला दिसणारी रुंदी) देणाऱ्या अल नागलर यांच्या नेत्रिकांमुळे. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला ५० अंश आभासी क्षेत्राची, २५ मिलिमीटरची साधी नेत्रिका लावल्यास ४८ पट विवर्धन आणि सुमारे एक अंशाचे क्षेत्र मिळते. त्यात एम ८१ आणि एम ८२ आरामात, तर एम ९७ आणि एम १०८ काठाशी मावतात. एम ४६ आणि त्याच्या शेजारचा तारकागुच्छ एम ४७ मात्र मावत नाहीत. एम ५१ ची गोष्ट वेगळी आहे. तिची आणि तिच्या सोबत्याची केंद्रे पाच कलांपेक्षाही (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) जवळ असल्यामुळे तेथे रुंदीपेक्षा काळोखे आकाश आणि १०० पटींच्या आसपासचे विवर्धन अधिक उपयोगी पडते.